समुद्र तापला तेव्हा ध्रुवीय बर्फाचे काय झाले?

ध्रुवीय प्रदेशातील बर्फाची घट उपग्रहांच्या साहाय्याने सातत्याने मोजण्यास १९९२ च्या सुमारास प्रारंभ झाला. तेव्हापासून २०२० पर्यंत ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथील मिळून सुमारे साडेसात लाख कोटी टन बर्फ समुद्राला मिळाला, असे आंतरराष्ट्रीय पाहणीत आढळून आले आहे. आकडा मोठा असला तरी तीन दशकांची ही नोंद शास्त्रज्ञांना अपुरी वाटते. जमिनीवर हजारो किलोमीटर पसरलेल्या आणि काही ठिकाणी चार किलोमीटरहून अधिक जाड असलेल्या या हिमस्तरांचा स्वभाव तीस वर्षांच्या निरीक्षणावरून ठरवणे म्हणजे एका पावसाळ्यावरून नदीचा पूर्ण इतिहास लिहिण्यासारखे आहे.

समुद्र तापल्यावर हे हिमस्तर किती मागे हटतात, किती वेगाने हटतात आणि पाणी पुन्हा थंड झाले तर त्यांची माघार थांबते काय, या प्रश्नांची उत्तरे त्यामुळे भूतकाळात शोधली जात आहेत. पृथ्वीवर समुद्र यापूर्वी अनेकदा तापला आहे. त्या प्रत्येक वेळी बर्फाचे काय झाले, याची नोंद समुद्रतळावरील गाळात, प्रवाळांत आणि खुद्द बर्फात शिल्लक आहे. गेल्या काही दशकांत ही नोंद वाचण्याची साधने विकसित झाली असून, तिच्यातून पुढे येणारे चित्र अनेक बाबतींत अनपेक्षित आहे.

तळाकडून होणारी झीज

बर्फ वितळतो तो हवेच्या उष्णतेने, अशी सर्वसाधारण समजूत आहे. ग्रीनलंडच्या बाबतीत ती बऱ्याच अंशी खरीही आहे. तेथे उन्हाळ्यात बर्फाचा पृष्ठभाग वितळून पाण्याचे प्रवाह वाहू लागतात. अंटार्क्टिकाच्या बहुतेक भागात मात्र हवा वर्षभर इतकी थंड असते की पृष्ठभागावरील बर्फ वितळण्याचे प्रमाण अत्यल्प असते. तेथील हिमस्तराला धोका आहे तो खालून.

पश्चिम अंटार्क्टिकातील हिमस्तराचा मोठा भाग समुद्रसपाटीपेक्षा खाली असलेल्या जमिनीवर टेकलेला आहे. बेंटले खंदक या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भागात ही जमीन समुद्रसपाटीखाली सुमारे अडीच किलोमीटर खोल आहे. बर्फ तेथे नसता तर त्या जागी समुद्रच असता. किनाऱ्याजवळ आल्यावर हा बर्फ जमीन सोडून पाण्यावर तरंगू लागतो. तरंगणाऱ्या या जाड थराला हिममंच म्हणतात आणि बर्फ जेथे जमीन सोडतो त्या सीमेला आधाररेषा म्हणता येईल. हिममंच स्वतः तरंगत असल्यामुळे तो वितळल्याने समुद्राची पातळी फारशी वाढत नाही. परंतु मागून येणाऱ्या हिमनद्यांना तो बंधाऱ्याप्रमाणे अडवून धरतो. २००२ साली अंटार्क्टिक द्वीपकल्पावरील 'लार्सन बी' हा सुमारे ३,२५० चौरस किलोमीटरचा हिममंच काही आठवड्यांत कोसळला, तेव्हा त्यामागील हिमनद्यांचा वेग झपाट्याने वाढल्याचे उपग्रहांनी टिपले होते.

अंटार्क्टिकाभोवती काही शे मीटर खोलीवर तुलनेने उष्ण पाण्याचा एक थर फिरत असतो. उष्ण म्हणजे शून्याच्या वर जेमतेम एक अंश सेल्सिअस. मुंबई किंवा मालवणच्या किनाऱ्यावर या पाण्यात कोणी पायही घालणार नाही. बर्फाच्या दृष्टीने मात्र ते दाहक आहे. खारे पाणी पृष्ठभागावर उणे १.९ अंशाला गोठते आणि दाब वाढतो तसा हा गोठणबिंदू आणखी खाली जातो. एक किलोमीटर खोलीवर तो उणे अडीच अंशाच्याही खाली असतो. म्हणजे तेथे पोहोचलेले 'उष्ण' पाणी बर्फाच्या वितळणबिंदूपेक्षा तीन अंशांहून अधिक गरम ठरते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, आधाररेषेजवळ पाण्याचे तापमान एका अंशाने वाढल्यास तेथील बर्फ वर्षाला सुमारे दहा मीटर अधिक झिजतो.

यात भूरचनेचीही भर पडते. पश्चिम अंटार्क्टिकात किनाऱ्यापासून आत जावे तशी बर्फाखालची जमीन आणखी खोल होत जाते. आधाररेषा मागे सरकली की ती अधिक खोल पाण्यात आणि अधिक जाड बर्फापाशी पोहोचते. त्यामुळे समुद्राकडे वाहून जाणाऱ्या बर्फाचे प्रमाण वाढते आणि रेषा आणखी मागे जाते. एकदा सुरू झालेली माघार स्वतःच स्वतःला चालना देऊ शकते, हा विचार अमेरिकी शास्त्रज्ञ योहानेस वीर्टमन यांनी १९७४ मध्ये गणिताने मांडला. चार वर्षांनी हिमनदीतज्ज्ञ जॉन मर्सर यांनी 'नेचर' या नियतकालिकात, कार्बन डायऑक्साइडच्या वाढीमुळे पश्चिम अंटार्क्टिकाचा हिमस्तर कोसळू शकतो, असा इशारा दिला. त्या वेळी अनेकांनी तो अतिरंजित मानला.

समुद्रतळावरील खडे

समुद्राच्या उष्णतेचा हिमस्तरांशी असलेला संबंध सर्वांत स्पष्टपणे दिसला तो अंटार्क्टिकात नव्हे, तर उत्तर अटलांटिक महासागरात. १९८८ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ हार्टमुट हाइनरिख यांनी ईशान्य अटलांटिकच्या तळावरील गाळाचे नमुने तपासले. किनाऱ्यापासून इतक्या दूर साधारणतः अत्यंत बारीक गाळ आणि सूक्ष्मजीवांची कवचेच आढळतात. या नमुन्यांत मात्र ठरावीक थरांमध्ये भरड वाळू आणि खडे होते. कोणताही सागरी प्रवाह इतके जड कण मधल्या समुद्रापर्यंत वाहून नेऊ शकत नाही. ते आणणारे वाहन एकच, ते म्हणजे हिमनग. हिमस्तराच्या तळाशी अडकलेले दगडगोटे घेऊन हिमनग समुद्रात दूरवर गेले आणि वितळताना त्यांनी ते ओझे तळाशी टाकले.

पुढील संशोधनात या थरांमधील चुनखडीयुक्त खड्यांचा माग कॅनडातील हडसन सामुद्रधुनीपर्यंत लागला. शेवटच्या हिमयुगात कॅनडा आणि उत्तर अमेरिकेचा मोठा भाग लॉरेन्टाइड या प्रचंड हिमस्तराखाली होता. हा हिमस्तर सुमारे ६० हजार ते १७ हजार वर्षांपूर्वीच्या काळात किमान सहा वेळा हिमनगांची अक्षरशः फौज समुद्रात सोडत होता. या घटनांना आता हाइनरिख घटना असेच नाव पडले आहे.

कोडे पुढेच होते. या घटना उत्तर अटलांटिक परिसरातील हवा सर्वाधिक थंड असताना घडल्या होत्या. कडाक्याच्या थंडीत हिमस्तर कोसळावा, हे कोणत्याही साध्या तर्कात बसत नव्हते. हिमस्तर आपल्याच वजनाने अधूनमधून घसरत असावा, असे स्पष्टीकरण दीर्घकाळ दिले जात होते. उत्तराची दुसरी बाजू समुद्रतळावर राहणाऱ्या फोरॅमिनिफेरा या एकपेशीय जीवांच्या कवचांतून मिळाली. कवच तयार होताना त्यात किती मॅग्नेशियम सामावले जाते, हे पाण्याच्या तापमानावर अवलंबून असते. त्यामुळे हजारो वर्षांपूर्वीच्या खोल पाण्याचे तापमान या कवचांवरून काढता येते. कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यालगतच्या अशा कवचांचा अभ्यास २०११ मध्ये प्रसिद्ध झाला. सर्वांत अलीकडच्या हाइनरिख घटनेपूर्वी तेथील खोल पाणी सुमारे दोन अंशांनी तापले होते, असे त्यात दिसून आले.

त्याचे कारणही समजण्यासारखे आहे. उत्तर अटलांटिकमधील पाणी थंड आणि जड होऊन खाली बुडते व त्याच्या जागी दक्षिणेकडून उष्ण पाणी येते. हे अभिसरण मंदावले की पृष्ठभाग आणि हवा गारठते. परंतु खालच्या थरातील उष्णतेला बाहेर पडण्याची वाट न मिळाल्याने ती तेथेच साठत जाते. वरून सर्व काही गोठलेले दिसत असताना हिममंचाचा पाया आतून पोखरला जात होता. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संगणकीय अभ्यासानेही, खोल पाण्यातील माफक तापमानवाढ हिमस्तर कोसळण्यास पुरेशी होती, असे दाखवून दिले. बर्फाचे वजन कमी झाल्यावर खालची जमीन हळूहळू वर उचलली जाते आणि उष्ण पाण्याची वाट बंद होते. त्यामुळे हिमस्तर पुन्हा वाढू लागतो. मात्र या उभारीला शतके आणि सहस्रके लागतात, हे लक्षात ठेवणे आवश्यक आहे.

३४० वर्षांत १६ मीटर

सुमारे २१ हजार वर्षांपूर्वी हिमयुग ऐन भरात असताना समुद्राची पातळी आजच्यापेक्षा १२० मीटरहून अधिक खाली होती. त्यानंतर ती वाढली, परंतु एकसारखी नाही. कॅरिबियन समुद्रातील बार्बाडोस बेटाजवळच्या बुडालेल्या प्रवाळांच्या अभ्यासावरून १९८९ मध्ये असे आढळले की, मधल्या एका टप्प्यात पाणी उसळी घेतल्याप्रमाणे वाढले. २०१२ मध्ये ताहिती बेटाजवळील प्रवाळांवरून या टप्प्याचे अधिक अचूक मोजमाप झाले. सुमारे १४,६५० वर्षांपूर्वी सुरू झालेल्या अवघ्या ३४० वर्षांच्या काळात समुद्र १४ ते १८ मीटरनी वर आला. वर्षाला सरासरी ४० मिलिमीटरहून अधिक, असा हा वेग होता. सध्याचा वेग वर्षाला चार मिलिमीटरच्या आसपास आहे.

या पाण्यात कोणत्या हिमस्तराचा किती वाटा होता, याबाबत मतभेद आहेत. काही अभ्यासांत उत्तर अमेरिका आणि युरेशियातील हिमस्तरांना प्रमुख मानले आहे. दक्षिण महासागरातील गाळात त्याच काळात हिमनगांनी आणलेल्या खड्यांचे प्रमाण एकाएकी वाढल्याचे २०१४ मध्ये आढळल्याने अंटार्क्टिकाचाही त्यात सहभाग असावा, असे मानले जाते. अर्थात, त्या काळी वितळण्यासाठी आजच्यापेक्षा कितीतरी अधिक बर्फ उपलब्ध होता. त्यामुळे हाच वेग आज जसाच्या तसा लागू करणे शास्त्रीय ठरणार नाही.

त्या समुद्रवाढीच्या खुणा भारतातही आहेत. मुंबई आणि सौराष्ट्रापासून दूर, अरबी समुद्राच्या तळावर 'फिफ्टी फॅदम फ्लॅट', म्हणजे पन्नास वावांचे सपाट क्षेत्र, या नावाने ओळखला जाणारा भाग आहे. उथळ पाण्यातच तयार होणारे चुनखडीचे थर तेथे आज साठ ते शंभर मीटर खोलीवर आढळतात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्यांचा अभ्यास केला आहे.

ऑक्टोपसची साक्ष

सद्यस्थितीशी तुलना करण्यास सर्वांत योग्य मानला जातो तो मागील दोन हिमयुगांमधला उष्ण काळ. सुमारे १ लाख २९ हजार ते १ लाख १६ हजार वर्षांपूर्वीच्या या काळात समुद्राच्या पृष्ठभागाचे सरासरी तापमान एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापेक्षा जवळपास अर्ध्या अंशाने अधिक होते, असा निष्कर्ष २०१७ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात मांडण्यात आला. ही पातळी १९९५ ते २०१४ या काळातील सरासरीइतकीच आहे. असे असूनही तेव्हा समुद्र आजच्यापेक्षा सहा ते नऊ मीटर उंच होता, असा अनेक तज्ज्ञांचा अंदाज आहे. या संपूर्ण विषयातील सर्वांत अस्वस्थ करणारी तुलना हीच म्हणावी लागेल. त्या काळी पृथ्वीची कक्षा आणि आसाचा कल वेगळा असल्याने ध्रुवांना उन्हाळ्यात अधिक ऊन मिळत होते, हा फरक ध्यानात घेतला तरी तिचे गांभीर्य कमी होत नाही.

इतके पाणी केवळ ग्रीनलंडमधून आलेले नाही, याबाबत बहुतेकांचे एकमत आहे. मग पश्चिम अंटार्क्टिकाचा हिमस्तर तेव्हा कोसळला होता काय? याचे एक उत्तर अत्यंत अनपेक्षित दिशेने आले. अंटार्क्टिकाभोवती टर्केट ऑक्टोपस नावाची, समुद्रतळावर राहणारी आणि फारशी दूर न जाणारी प्रजाती आढळते. वेडेल समुद्र आणि रॉस समुद्र या दोहोंमध्ये आज पश्चिम अंटार्क्टिकाचा अख्खा हिमस्तर उभा आहे. तरीही या दोन समुद्रांतील ऑक्टोपसांच्या डीएनएमध्ये पूर्वीच्या संकराच्या खुणा सापडल्या आणि त्यांचा काळ याच उष्ण कालखंडाशी जुळला. हिमस्तराच्या जागी तेव्हा खुला जलमार्ग असावा, असा निष्कर्ष ऑस्ट्रेलियातील जेम्स कुक विद्यापीठाच्या सॅली लाऊ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी डिसेंबर २०२३ मध्ये मांडला.

मात्र प्रश्न तेथे मिटला नाही. वेडेल समुद्राच्या बाजूला असलेल्या स्कायट्रेन या ठिकाणी ६५१ मीटर खोल बर्फाचा नमुना काढण्यात आला होता. हिममंच नाहीसा झाला असता तर खुला समुद्र जवळ आला असता आणि बर्फातील मिठाचे प्रमाण बरेच वाढले असते. तसे काहीही आढळले नाही. त्यामुळे रोन हिममंच त्या उष्ण काळात टिकून होता, असे केंब्रिज विद्यापीठाच्या एरिक वुल्फ यांच्या गटाने २०२५ मध्ये जाहीर केले. हे दोन्ही निष्कर्ष परस्परांना पूर्णतः छेद देतात असे नाही. हिमस्तराचा एक भाग कोसळूनही दुसरा टिकू शकतो. तथापि, संपूर्ण पश्चिम अंटार्क्टिका तेव्हा बर्फमुक्त होता, असे विधान आता सावधपणेच करावे लागेल.

पूर्व अंटार्क्टिकाविषयीची समजूतही बदलली आहे. हा भाग अचल मानला जात असे. परंतु विल्क्स लँडच्या किनाऱ्यालगत २०१० मध्ये खणून काढलेल्या गाळाच्या अभ्यासाने, गेल्या साडेचार लाख वर्षांतील दीर्घ उष्ण काळांत तेथील बर्फही मागे हटल्याचे २०१८ मध्ये दाखवले.

दिवसाला शेकडो मीटर

माघारीचा वेग मोजण्याची एक अनोखी पद्धत अलीकडे पुढे आली आहे. आधाररेषेजवळचा बर्फ भरतीला किंचित उचलला जातो आणि ओहोटीला पुन्हा तळावर बसतो. बसताना तो मऊ गाळ दाबून एक लहानशी वरंबी तयार करतो. बर्फ मागे हटत असेल तर अशा वरंब्यांची एकामागून एक रांग उरते आणि दोन वरंब्यांमधील अंतरावरून वेग काढता येतो. नॉर्वेच्या किनाऱ्यासमोरील समुद्रतळावर अशा ७,६०० हून अधिक वरंब्या आढळल्या. हिमयुगाच्या अखेरीस तेथील बर्फ काही दिवस दररोज ५५ ते ६१० मीटर या वेगाने मागे गेला होता, असा निष्कर्ष २०२३ मध्ये काढण्यात आला. उपग्रहांनी आजवर टिपलेल्या कोणत्याही माघारीपेक्षा हा वेग अधिक आहे. पश्चिम अंटार्क्टिकातील थ्वेट्स हिमनदीसमोरही स्वयंचलित पाणबुडीने अशाच खुणा शोधल्या आहेत. गेल्या दोन शतकांत केव्हातरी साडेपाच महिन्यांच्या अवधीत ही हिमनदी वर्षाला दोन किलोमीटरहून अधिक वेगाने मागे हटली होती. वर उल्लेखिलेल्या स्कायट्रेन परिसरात तर सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी दोनशे वर्षांहून कमी काळात बर्फाची जाडी ४५० मीटरनी घटली. खालून शिरलेले उष्ण पाणी हे त्याचे संभाव्य कारण मानले जाते.

पाइन आयलंडची माघार

पाणी थंड झाल्यावर माघार थांबते काय, या प्रश्नाबाबत थ्वेट्सच्या शेजारची पाइन आयलंड हिमनदी बरेच काही सांगते. डिसेंबर २०१२ मध्ये तिच्या हिममंचाला आरपार छिद्र पाडून खालचा गाळ काढण्यात आला. पूर्वी ही हिमनदी समुद्रतळावरील एका उंचवट्यावर टेकलेली होती. १९४५ च्या सुमारास त्या उंचवट्यामागे समुद्राचे पाणी शिरले, असे गाळाच्या थरांवरून २०१७ मध्ये स्पष्ट झाले. त्यापूर्वी, १९३९ ते १९४२ या काळात प्रशांत महासागरात तीव्र एल निनो सक्रिय होता. त्यामुळे वाऱ्यांची दिशा बदलून उष्ण पाणी हिममंचाखाली ढकलले गेले असावे, असे मानले जाते. एल निनो ओसरला. हिमनदी मात्र थांबली नाही. १९७० पर्यंत ती त्या उंचवट्यावरून पूर्णतः सुटली आणि तिचे पातळ होणे आजही सुरू आहे. थ्वेट्सची लक्षणीय माघारही १९४० च्या दशकातच सुरू झाली होती, असे २०२४ मधील अभ्यास सांगतो.

दुसरी बाजूही नोंदवायला हवी. याच परिसरात सुमारे १०,४०० ते ७,५०० वर्षांपूर्वी उष्ण पाणी येत होते आणि बर्फ हटत होता. वारे बदलल्यावर ते पाणी थांबले आणि बर्फाची वेगवान माघारही थांबली. म्हणजे माघार थांबू शकते, परंतु त्यासाठी उष्ण पाण्याचा पुरवठा प्रदीर्घ काळ खंडित व्हावा लागतो. मानवी कृतींमुळे साठणाऱ्या अतिरिक्त उष्णतेपैकी ९० टक्क्यांहून अधिक उष्णता समुद्र शोषून घेत असताना तसे नजीकच्या काळात घडेल, अशी चिन्हे नाहीत.

भारतासाठी अर्थ

हवामान बदलविषयक आंतरसरकारी मंडळाच्या २०२१ मधील अहवालानुसार, तापमानवाढ दीड अंशावर रोखली तरी पुढील दोन हजार वर्षांत समुद्र दोन ते तीन मीटरनी वाढेल. वाढ दोन अंशांवर गेल्यास हे प्रमाण दोन ते सहा मीटर होईल. उत्सर्जन अतिशय वाढल्यास आणि हिमस्तर अस्थिर झाल्यास या शतकाच्या अखेरीसच दोन मीटरच्या आसपास वाढ होण्याची शक्यता, ती कमी असली तरी, अहवालाने नाकारलेली नाही. हिमस्तरांच्या भूतकाळाविषयीची अनिश्चितता ही थेट या अंदाजांमध्ये उतरते, म्हणूनच गाळातील खड्यांना आणि ऑक्टोपसच्या डीएनएला महत्त्व आहे.

अंटार्क्टिकाचे अंतर भारताला दिलासा देणारे नाही. किंबहुना परिस्थिती उलटी आहे. हिमस्तराचे प्रचंड वस्तुमान समुद्राचे पाणी आपल्याकडे ओढून धरते. बर्फ घटला की ही ओढ कमी होते, अंटार्क्टिकालगत पाणी उतरते आणि दूरच्या सागरांत जागतिक सरासरीपेक्षा अधिक चढते. पश्चिम अंटार्क्टिका कोसळल्यास हे वाढीव पाणी विशेषतः उत्तर अमेरिकेच्या किनाऱ्यांवर आणि हिंदी महासागरात दिसेल, असे २००९ मधील गणिते सांगतात. मुंबई, कोची, चेन्नई, कोलकाता ही शहरे याच महासागराच्या काठी आहेत.

भारताची मैत्री आणि भारती ही संशोधन केंद्रे पूर्व अंटार्क्टिकात असून, त्यांचे संचालन गोव्यातील वास्को येथील राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्राकडून होते. अंटार्क्टिकातून आणलेले बर्फाचे नमुने तेथील शीतगृहात जतन करून तपासले जातात. जगभरातील खोल समुद्रातील गाळाचे असंख्य नमुने काढणाऱ्या 'जॉइडेस रिझोल्यूशन' या जहाजाची मोहीम २०२४ मध्ये संपुष्टात आली. विल्क्स लँडचा गाळ याच जहाजाने काढला होता. यापुढील काही काळ संशोधकांचा भर साठवणीतील जुन्या नमुन्यांवर राहणार असला, तरी तेही कमी बोलके नाहीत. ग्रीनलंडमधील कॅम्प सेंच्युरी येथे १९६६ मध्ये अमेरिकी लष्कराच्या तळावर बर्फाखालून काढलेली माती अनेक दशके विस्मृतीत गेली होती. २०१७ मध्ये ती कोपनहेगनच्या शीतपेटीत सापडली. तिच्यात काटक्या, पाने आणि शेवाळ होते. सुमारे ४ लाख १६ हजार वर्षांपूर्वी, आज दीड किलोमीटरच्या आसपास बर्फाखाली असलेल्या त्या जागी ऊन पडत होते, असे २०२३ मध्ये त्या मातीने सांगितले.